वेल्डिंगचा रोबोट आला. पुतण्याला वेल्डर ट्रेडला घालावे का?

कुपवाडकर:
कुपवाड एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात मी बावीस वर्षे फॅब्रिकेशनचे काम पाहतो. दिवाळीनंतर आमच्या शॉपमध्ये मिग वेल्डिंगचा (आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेने होणाऱ्या वेल्डिंगचा) पहिला रोबोट बसला. कायम कामगारांपैकी कोणालाही काढले नाही, असे मालक सांगतात आणि ते खरेही आहे. मात्र ठेकेदाराकडून येणाऱ्या सहा मुलांपैकी चौघांना पुन्हा बोलावणे आले नाही. पुतण्याला यंदा आयटीआयला वेल्डर ट्रेड द्यावा की नको, याविषयी जाणकारांनी सांगावे.

मिरजेचा वेल्डर:
अवश्य द्यावा, पण नुसता टॉर्च (वेल्डिंगचे हातात धरायचे टोक) धरण्यापुरता नको. साधा रोबोट शिकवलेल्या रेषेवरून इमानाने जातो. दोन पट्ट्यांत दोन मिलिमीटरची फट राहिली तरी त्याचा हात थांबत नाही. माणूस ती फट पाहून टॉर्चला किंचित झोका देतो, वेग कमी करतो आणि भरून काढतो. त्यामुळे रोबोट आल्यावर आमच्याकडे खरी ओढाताण झाली ती कटिंग आणि फिक्स्चरची (वेल्डिंगवेळी भाग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या पकडीची); पूर्वी वेल्डर जो माल सांभाळून घेत असे, तोच रिजेक्शनच्या ट्रॉलीत दिसू लागला. टीच पेंडंट (रोबोटला रेषा शिकवण्याचा हातातला नियंत्रक) जुन्या वेल्डरच्या हाती दिला, तर टॉर्चचा कोन त्याला कोणी सांगावा लागत नाही. केवळ संगणक शिकून आलेल्या मुलाची तेथेच फजिती होते (आमच्या ट्रेनीसमोर मी हे बोलणार नाही).

साताऱ्याहून:
ज्याच्या हाती पेंडंट आला त्याच्यापुरते हे ठीक आहे. त्या चौघांचे काय? १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात युनिमेट हा रोबोट लागला, तो डायकास्टिंगचे (वितळलेला धातू साच्यात दाबून केलेले) तापलेले भाग उचलण्यासाठी, आणि ते काम माणसाकडून गेले हे बरेच झाले. वेल्डिंगचे तसे सरसकट म्हणता येत नाही. भारतात २०२३ मध्ये सुमारे साडेआठ हजार औद्योगिक रोबोट बसले, तर चीनमध्ये पावणेतीन लाखांहून अधिक. म्हणजे आपल्याकडे पाणी अजून घोट्यापर्यंतच आहे. जर्मनीतील अभ्यासात असे दिसले की एकूण रोजगार घटला नाही आणि कामावर असलेले बहुतेक टिकले, परंतु कारखान्यांत नव्या मुलांची भरती आटली. आपल्याकडे ती झळ आधी ठेक्यावरच्या मुलांना लागते. ज्या नव्या तंत्रामुळे कामगारकपात संभवते, ते आणण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होती. पण ठेका संपला म्हटले की कागदावर ‘कपात’ हा शब्दच येत नाही.

कुपवाडकर:
दोघांचेही आभार. पुतण्याला वेल्डर ट्रेडच देतो. त्या चौघांपैकी दोघांचा हात चांगला आहे. त्यांना फिक्स्चर लावण्याच्या कामावर तरी परत घ्यावे, असे सोमवारी मालकांशी बोलणार आहे.