पारधी वस्तीवर संशोधन करायचे असेल, तर सरपंचाची सही चालणार नाही

सेटलमेंटची लेक

एका पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याने परवा लिहिले की, मोहोळ भागातील पारधी वस्त्यांवर रक्तक्षयाचे सर्वेक्षण करायला गेल्यावर लोक संमतिपत्र पाहताच उठून जातात, नावेसुद्धा सांगत नाहीत. म्हणून अशा अडाणी वस्त्यांसाठी सरपंचाची लेखी परवानगी पुरेशी मानावी, असे त्याचे म्हणणे. हे वाचून गप्प बसवेना.

डॉक्टर, माझे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहिले. अख्ख्या जमातीला जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या, 1871 पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंद, बोटांचे ठसे, हजेरी आणि परवान्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचे नाही, असे ते जगणे होते. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण शिवारात चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी अजूनही आमच्या पालांवर येते. अशा वस्तीत अनोळखी माणूस वही उघडून घरातल्या पुरुषांची नावे विचारतो आणि शाईचे पॅड पुढे सरकवतो, तेव्हा बायका पोरे काखेला मारून का निघून जातात, हे कळायला फार अभ्यास लागत नाही. आणि ज्या गावाने वस्तीला नळ दिला नाही, मेलेल्या माणसाला पुरायला जागा दिली नाही, त्याच गावाच्या सरपंचाने आमच्या रक्ताची परवानगी द्यायची?

असे एकदा होऊन गेले आहे. 2009 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या प्रकल्पात तेव्हाच्या आंध्रातील, आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात आश्रमशाळेतील मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

निवासी डॉक्टर

ताई, तो विद्यार्थी मीच. खम्ममचे उदाहरण अर्धेच सांगितले जाते. तिथे लस घेतलेल्या काही मुली दगावल्या, पण ते मृत्यू लसीमुळे झाले नसावेत, असेच चौकशी समितीचे मत होते. प्रबंधाची मुदत ठरलेली असते, बाह्यरुग्ण विभाग सांभाळून आम्ही दुपारच्या उन्हात वस्तीवर येतो आणि हात हलवत परत जातो. आकडेच नसतील, तर योजना कशाच्या जोरावर मागायची? 2023 मध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तीत 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. प्रत्येक पालावर तासभर बसून हे काम होणार आहे का?

विडी घरकुल

आदिवासींचेच कशाला, आमचेही ऐका. माझी आई विड्या वळते. मागे एका महाविद्यालयाची मुले श्वासाची तपासणी करायला आली, नळीत जोरात फुंकायला लावले, छातीत दम नाही म्हणून तीनदा फुंकायला लावले. सकाळभर सुपातली पाने तशीच वाळत पडली. आमच्याकडे मजुरी हजार विड्यांवर मिळते, वेळेवर नाही. तो दिवस बुडाला तो बुडालाच. तिचा दमा आहे की नाही, हे आजतागायत कोणी सांगितले नाही. बुडालेली मजुरी द्या, मग आदराच्या गोष्टी करा.

जुळे सोलापूर

मी एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीवर, बाहेरचा सदस्य म्हणून बसतो. पैसे द्यायला लागलात की गरीब माणूस पैशासाठी हात पुढे करील. त्याला मोकळी संमती म्हणता येत नाही.

विडी घरकुल

काका, तुम्हाला बैठकीचे मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळतो की नाही? त्याने तुमचे मत विकले गेले, असे कोणी म्हणत नाही. आईची मजुरी दिली की मात्र ते आमिष! हा विचार माझ्या डोक्यात तिडीक उठवतो.

जुळे सोलापूर

आवाज चढवण्याचे कारण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी असे आहे, हे मला मान्य करावे लागेल. रक्कम मोहात पाडण्याइतकी नसावी, एवढे पाहणे कमिटीचे काम आहे. आमच्यापुढे येणाऱ्या बहुतेक प्रस्तावांत ते कलम कोरेच असते आणि आम्ही विचारत नाही, हेही खरे.

सेटलमेंटची लेक

मजुरी द्याच, पण चर्चा तिथे संपू नये. डॉक्टर, मी मृत्यूंबद्दल बोलले नव्हते, सहीबद्दल बोलले होते. अमेरिकेत ॲरिझोनातील हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासात त्यांना न विचारता वापरले गेले. 2010 मध्ये नमुने घेणाऱ्या विद्यापीठाने 7 लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले. आमच्या रक्ताच्या बाटलीचे पुढे काय होणार, हे तुमच्या संमतिपत्रात कोणत्या ओळीत लिहिले आहे? गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघर पोहोचवली, आणि 1999 मध्ये त्या कामाचा निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लोकांना आधी विचारून केलेले काम कच्चे राहते, असे कोणी सांगू नये.

निवासी डॉक्टर

बंग दांपत्याने त्यासाठी आयुष्य दिले, माझ्याकडे प्रबंधापुरता काळ आहे. ही तुलना मला अन्यायाची वाटते. तरीही सरपंचाचा मुद्दा मी सोडतो. नमुने हिमोग्लोबिन पाहून नष्ट केले जातील, असे संमतिपत्रात लिहून घेतो, आणि प्रत्येकाचा आकडा त्याच्या हातात देतो. पण नावाशिवाय नोंद कशी ठेवू? ज्या बाईचे हिमोग्लोबिन सहावर, म्हणजे धोक्याइतके खाली आले, तिला शोधायचे कसे?

सेटलमेंटची लेक

प्रत्येकाला क्रमांकाचे कार्ड द्या. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वस्तीवरच्या आशाताईकडे राहील, तुमच्या विभागात नाही आणि ग्रामपंचायतीत तर नाहीच. सहावर आलेल्या बाईला ती स्वतः घेऊन येईल, त्या दिवशीची तिची मजुरी आणि एसटीचे भाडे तुमच्या खर्चात धरा. पहिल्या खेपेला सुई आणू नका, आणि दुपारी येऊ नका. माणसे अंधार पडल्यावर पालावर परततात.