एन लाइन म्हणजे नुसती लाल पट्टी? मग हे वाचा

तापीकाठचा
काल रात्री इथे एकाने लिहिलं, "ह्युंदाईचं खरं एन डिपार्टमेंट कोरियात बसलंय, आपल्याला नुसते स्टिकर पाठवतंय, एन लाइन घेणारे लोक लाल पट्टी आणि सायलेन्सरच्या दोन तोंडांसाठी जास्तीचे पैसे मोजतात." वाचून झोप उडाली माझी. माझ्याकडे आय२० एन लाइन आहे, २०२३ ची, सहा गिअरची मॅन्युअल, आणि ती मी डोळे उघडे ठेवून घेतलीय.

एन म्हणजे ह्युंदाईच्या खऱ्या वेगवान गाड्या, एन लाइन म्हणजे साध्या गाडीलाच थोडा तसा साज; दोन्ही एक नाही हे मला शोरूमची पायरी चढायच्या आधीच माहीत होतं. तिकडे युरोपात मिळायची ती खरी आय२० एन म्हणजे १.६ टर्बो, ताकद २०४ पीएस, ओढ (टॉर्क) २७५ न्यूटन मीटर. माझी एक लीटरची, तीन सिलिंडर, १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर. फरक आहेच, नाही कोण म्हणतंय. पण लाल पट्टी? मागच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत, साध्या आय२० ला ड्रम येतात. सस्पेन्शन कडक केलंय, स्टिअरिंगला वजन दिलंय. आणि २०२३ च्या फेसलिफ्टपासून साध्या आय२० मध्ये टर्बो मिळतच नाही, म्हणजे आय२० मध्ये हे इंजिन पाहिजे असेल तर एन लाइनशिवाय रस्ता नाही. फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढताना दुसऱ्या गिअरला वळण घ्यायचं, निम्मं वळण झालं की पाय दाबायचा, गाडी झुकत नाही, सरळ खेचून नेते. आधीच्या गाडीत हेच करताना मागे बसलेली आई दाराचं हँडल धरून बसायची, आता गप्पा मारत बसते. स्टिकरने होतं का हे?

जळगाव_१९
मीच लिहिलं होतं ते, आणि मागे घेत नाही. माझा राग तुझ्यावर नाही भो, त्या नावावर आहे. एन म्हणजे नामयांग आणि न्युर्बर्गरिंग, एक ह्युंदाईचं संशोधन केंद्र आणि दुसरा जर्मनीतला तो साडेवीस किलोमीटरहून लांब, गाड्यांची हाडं खिळखिळी करणारा ट्रॅक. बीएमडब्ल्यूमध्ये एम गाड्यांवर आयुष्य घालवलेला अल्बर्ट बिअरमन २०१५ ला यांनी आणला, २०१७ ला आय३० एन काढली, २७५ पीएसची, पुढच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक एलएसडी (वळणात एक चाक नुसतं फिरू न देणारा डिफरन्शियल), आणि विकायच्या आधी ती न्युर्बर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत पळवली. रॅलीत २०१९ आणि २०२० ला कंपन्यांचं जगज्जेतेपद घेतलं, २०२४ ला न्यूव्हिल ड्रायव्हर म्हणून जगज्जेता झाला, ते पण आय२० च्याच रॅली गाडीत. इतक्या कष्टाने कमावलेलं नाव आहे ते! आणि आपल्याकडे ते छोट्या वेन्यूच्या पण मागे लावायचं? बापाच्या पुण्याईवर पोराने गावभर उधारी करावी तसं झालं हे. क्रेटा एन लाइनच घे, १.५ टर्बो, १६० पीएस, तेच इंजिन साध्या क्रेटात पण मिळतं. मग एन कशाचं?

तापीकाठचा
अर्धं सांगितलं तू. क्रेटा एन लाइन आली २०२४ च्या मार्चमध्ये, तेव्हा त्या टर्बोला मॅन्युअल गिअर फक्त एन लाइनमध्येच होता, साध्या क्रेटात टर्बो घेतली की डीसीटीच, म्हणजे डबल क्लच ऑटोमॅटिकच गळ्यात. ज्याला हाताने गिअर टाकायचाय त्याच्यासाठी एवढं पुष्कळ आहे.

चाळीसगावकर
डीसीटीचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर मी फक्त वाचत होतो. माझी गाडी डबल क्लच ऑटोमॅटिक, कोणत्या कंपनीची ते राहू द्या. कन्नड घाटात जड गाड्यांना बंदी व्हायच्या आधीची गोष्ट, मे महिना, दुपारचे दोन, वर कुठेतरी ट्रक आडवा झालेला आणि आम्ही पाऊण तास इंच इंच चढून राहिलो. मग स्क्रीनवर आलं, गिअरबॉक्स गरम झालाय, गाडी थांबवा. कुठे थांबवू? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मागे एसटी, गाडीत दोन पोरं आणि बायको. कसंबसं कडेला घेतलं, एसी बंद, पोरं घामाने चिंब, धाकटी रडून रडून झोपली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे गाडीत काही दोष नाही साहेब, तुम्ही चढावर हळू चालवली. आता चढावर ट्रॅफिकमध्ये माणूस गाडी काय हवेत उडवेल?

भुसावळ_पॅडल
दादा वाईट वाटलं, पण चूक तुमचीच आहे. कोरड्या क्लचची डीसीटी चढावर ब्रेक थोडा थोडा सोडत सरकवायची नसते, अर्धवट क्लच दाबून धरल्यासारखं होतं ते, प्लेटा घासतात आणि तापतात. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग एकदम सोडायची, परत पूर्ण थांबायचं. माझ्या डीसीटीला ६१ हजार किलोमीटर झाले, भुसावळच्या उन्हात, एकदा पण सूचना आली नाही. चालवायची पद्धत असते.

चाळीसगावकर
पद्धत मला शिकवू नको. २२ वर्षं झाली गाडी चालवतोय, उसाची ट्रॉली लावून ट्रॅक्टर रिव्हर्स घेतो मी. कन्नड घाटात दोन गाड्यांची जागा सोडली तर तीन मोटरसायकली आणि एक ॲपे घुसते तिथे, तू कधी अडकलाय का? आणि साडेअठरा लाखाच्या गाडीला चालवणाऱ्याने सांभाळून घ्यायचं की गाडीने चालवणाऱ्याला?

भुसावळ_पॅडल
अडकलोय, दहा वेळा अडकलोय. ट्रॅक्टर आणि डीसीटी एक नाही एवढंच म्हणतोय, चिडायचं काय त्यात.

चाळीसगावकर
चिडणारच. पोरं तुझी नव्हती ना त्या गाडीत.

रावेरचे_आप्पा
पोरांनो, भांडा पण जरा इकडे पण पहा. तुम्ही न्युर्बर्गरिंग न्युर्बर्गरिंग करताय, आणि इथे धुळे-जळगाव महामार्गाच्या फागणे ते तरसोद चौपदरीकरणात किती वर्षं गेली ते मोजा. मागच्या पावसाळ्यात माझा पुतण्या रात्री पारोळ्याच्या अलीकडे डायव्हर्जनला मातीच्या ढिगाऱ्यावर गेला. बोर्ड नाही, दिवा नाही. गाडी साधीच होती, वेग पण ६०-७० च्या वर नव्हता असं तो म्हणतो आणि माझा विश्वास आहे त्याच्यावर. पायात रॉड आहे आज. केळीचं सगळं तोच बघायचा, आता मी ६३ व्या वर्षी पाटाला उभा राहतो. ज्याच्या गाडीला १६० पीएस आहेत तो त्या ढिगाऱ्यावर अजून जोरात जाईल, दुसरं काय होणार? आणि कडक सस्पेन्शन म्हणता, आमच्या रस्त्याला कडक सस्पेन्शन म्हणजे मणक्याला दंड.

तापीकाठचा
आप्पा, पुतण्याचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. मणक्याचं पण खरं आहे, वरणगाव ते मुक्ताईनगर गाडी खड्ड्यात आपटते तेव्हा मला पण जाणवतं, खोटं कशाला बोलू. पण एक ऐका. जोरात पळवण्यासाठी म्हणून नाही घेतली मी ही गाडी. चारही डिस्क असल्या की भरलेल्या गाडीचा ब्रेक घाट उतरताना लवकर दमत नाही, आणि ट्रकला ओव्हरटेक करताना टर्बो असला की समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहावं लागतं. दुपदरी रस्त्यावर ते तीन-चार सेकंद म्हणजे जीव आहे. अशी गाडी आपल्याच रस्त्याला जास्त लागते.

रावेरचे_आप्पा
ओव्हरटेकचं बरोबर बोलला. पण ज्याला तीन सेकंद मिळाले तो चौथ्या सेकंदाला अजून एक ट्रक मारायला बघतो, हे पण मी रोज बघतो.

धुळे_टीजेट
सगळे कंपनीला शिव्या देऊन राहिले, जरा आपल्याकडे बघू. माझ्याकडे २०१५ ची अबार्थ पुंटो आहे. १.४ टी-जेट, १४५ पीएस, २१२ न्यूटन मीटर, आली तेव्हा दहा लाखाच्या आत. फियाटने अबार्थचं विंचवाचं चिन्ह लावलं ते खऱ्या ताकदीसकट लावलं. लळिंगच्या घाटात आजही भल्याभल्यांना मागे ठेवते. किती जणांनी घेतली? लोक विचारायचे ॲव्हरेज किती आणि परत विकताना काय येईल.

टाटाचं तर अजून दुखतं मला. कोइम्बतूरच्या जयेमबरोबर भागीदारी करून जेटीपी काढलं, ऑक्टोबर २०१८ ला टियागो जेटीपी आणली, १.२ टर्बो, ११४ पीएस, ६ लाख ३९ हजारापासून. सस्पेन्शन खाली केलं, चाकं मोठी, गिअरचं गणित बदललं. आपल्या देशातल्या मोठ्या कंपनीने, आपल्या पैशात बसेल अशी, मन लावून केलेली गाडी. २०२० ला प्रदूषणाचा बीएस६ नियम आला आणि बंद, कारण त्या आकड्यावर इंजिन परत बनवायला कुणाला परवडणार? मारुतीची बलेनो आरएस पण त्याच सुमाराला गेली. तेव्हा इथलेच लोक म्हणत होते टियागोला एवढे पैसे कोण देतं. आता तेच विचारतात खरी एन का येत नाही.

जळगाव_१९
जेटीपी मी चालवून पाहिली होती आणि घेतली नाही, हे कबूल करतो. घरच्यांनी डिझेल घ्यायला लावली. त्याचं वाईट आजही वाटतं. पण म्हणून कंपनीने खरी गाडी आणूच नये का?

धुळे_टीजेट
आणायची कशी सांग. छोट्या गाडीचा कर पाहिजे तर चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला १८ टक्के जीएसटी, त्याच्या बाहेर गेली की ४० टक्के. खऱ्या आय२० एनचं इंजिन १.६ चं आणि लांबीला पण ती चार मीटरच्या वर. म्हणजे दोन्हीकडे नापास. बाहेरून पूर्ण तयार आणली तर आयात शुल्क वेगळं. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २०२५ ला तशीच आली, ५३ लाखाला, पहिल्या १५० गाड्या. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस ५० लाखाला, फक्त १००. दोन्ही संपल्या. घेणारे आहेत, पण ते मुंबई-पुण्याचे. तुझ्यामाझ्यासाठी बाराशे सीसीच्या आतली टर्बो हीच हद्द आहे, आणि त्या हद्दीत ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग यावर कोणी काम केलं असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. टाटाची अल्ट्रोझ रेसर आली २०२४ ला, तिच्यावर पण असेच तुटून पडले होते सगळे.

नंदुरबारी
करावर कोणी बोलतंय तर ई२० वर, त्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर पण बोला. टर्बो इंजिनात हे पेट्रोल टाकून माझा ॲव्हरेज पडला तो पडलाच. इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते.

रावेरचे_आप्पा
त्या इथेनॉलमुळे आमच्याकडच्या मक्याला गिऱ्हाईक मिळालंय, त्याला हात लावू नका.

जळगाव_१९
ठीक आहे. मागच्या डिस्कचं मला माहीत नव्हतं, साध्या आय२० मध्ये टर्बो बंद झाल्याचं पण नव्हतं. लाल पट्टी हा शब्द आय२० पुरता मागे घेतो. वेन्यूपुरता घेत नाही, आणि एनचं अक्षर लावलं ते चुकलंच हे माझं मत आहे तसंच आहे. दुसरं कुठलंही नाव दिलं असतं तर मी अवाक्षर काढलं नसतं.

तापीकाठचा
आय२० पुरता घेतला ना, बस झालं मला. नावाबद्दल तुझा राग समजतो.

चाळीसगावकर
तुमचं मिटलं, माझ्या गिअरबॉक्सचं राहिलं. तिकडच्या खऱ्या एन गाड्यांना आठ गिअरची डीसीटी देतात, तेलात बुडालेल्या क्लचची, तेल उष्णता ओढून घेतं. तिकडे थंडीत तेल, आणि इथे ४५ डिग्रीत सात गिअरची कोरडी. भुसावळवाल्याने याचं उत्तर द्यावं.

भुसावळ_पॅडल
देतो. कोरडा क्लच हलका पडतो, स्वस्त पडतो, तेल ढवळायला ताकद जात नाही म्हणून पेट्रोल कमी खातो, आणि १७२ न्यूटन मीटरला तो पुरतो असा त्यांचा हिशोब आहे. मोकळ्या रस्त्यावर पुरतो पण. तो हिशोब मांडताना कोणी मे महिन्यातला कन्नड घाट डोळ्यासमोर धरला नसेल, एवढं तुमचं मानतो. बाकी ब्रेक सोडत सरकवायची नाही, हे माझं म्हणणं कायम.