मदत हवी आहे: पावसाळा लागल्यापासून १० मीटर एअर रायफलचा ग्रुप उभा फाटतोय (देवगड)

नमस्कार मंडळी. माझी लेक नववीत आहे, पीप साईट (डोळ्याजवळच्या बारीक भोकातून नेम धरायची) एअर रायफल मारते. आमच्याकडची रायफल जुनी घेतलेली आहे, सिलेंडरवर चालणारी, जर्मन बनावटीची. मे अखेरपर्यंत ती अगदी गुणी होती. जून लागला आणि ग्रुप, म्हणजे निशाणाच्या कार्डावर शॉटचा जो पुंजका पडतो तो, उघडायला लागला. आता विभागीय स्पर्धा तोंडावर आहे, कोल्हापूर विभाग म्हणजे चुरस किती असते ते तुम्हाला सांगायला नको.

आधी लक्षणं सांगतो. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, त्यावर रायफल टेकवून मारलं की मेमध्ये पाच शॉटचं एकच भोक पडायचं, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत साधारण ६ मिमी. आता तेच १० ते ११ मिमी येतं. आणि ते गोल नाही, उभं आहे. आडवा पसारा थोडाच वाढलाय, वर-खाली मात्र जास्त. दुसरी गोष्ट, थोडा वेळ थांबून मारलेला पहिला शॉट हमखास खाली जातो, जवळजवळ ४ मिमी. मग सलग मारत गेलं की हळूहळू वर येऊन जागेवर बसतो.

पेलेट ४.५ मिमीचीच, चपट्या तोंडाची, मॅचची. डबा मात्र गेल्या वर्षीचा आहे आणि आतल्या काही पेलेटवर पांढरट भुकटी दिसते. हवा मी हँडपंपाने भरतो, २०० बारपर्यंत. आमच्या भागात कॉम्प्रेसर नाही. रेंज म्हणजे शाळेचा हॉल, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जुलैत लाद्यांना घाम फुटतो, कपाटातल्या चामड्याला बुरशी येते, हे कोकणातल्या माणसाला माहीत आहेच.

करून पाहिलेलं: बॅरलचे क्लॅम्प आणि स्टॉकचे स्क्रू तपासले, सैल नव्हते. मागची साईट हलवून पाहिली, खुळखुळत नाही. फेल्टच्या गोळ्या घालून बॅरल साफ केलं. दुसऱ्या मुलाला मारायला दिली, त्यालाही तेच. त्याच लेनमध्ये त्या मुलाची स्वतःची रायफल व्यवस्थित चालते, म्हणजे उजेडाचाही दोष नसावा.

मला मनापासून जे वाटतं ते असं. लेकीचा स्कोअर उतरलाय आणि ती स्वतःलाच दोष देतेय. श्वास चुकला, गालाचा दाब बदलला, ट्रिगर ओढला गेला, असं रोज वहीत लिहिते. २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक आणलं, तेव्हापासून या मुलांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आहे. ती रायफलच्या आजारपणामुळे विझू नये. म्हणून आधी रायफल निर्दोष आहे की नाही ते पक्कं ठरवायचंय, मग तिच्या पोझिशनकडे बघू. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद: मालवणी गडी

माका वाटता पंपातसून पाणी भितुर जाता हा. तारकर्लीक स्कुबावाले आसत, तेंका इचारा. तेंच्याकडे टाक्ये भरूचे कॉम्प्रेसर आसतत, फिल्टर लावलेले. पावसात तेंचो धंदो बंद आसता, पण मशीन खंय जाता?

प्रतिसाद: जुनी शूटर

दादा, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे सांगणं सोपं आहे. मालवणी गडी म्हणतात ते मनावर घ्या. ३० अंश तापमानाला बाष्पाने भरलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. तुमचा सिलेंडर पाव लिटरच्या आतबाहेरचा असणार. २०० बारला त्यात ४० ते ५० लिटर साधी हवा कोंबली जाते. म्हणजे कोकणातल्या जुलैत एका भरणीमागे ग्रॅमभर पाणी पंपाकडे येतं. पंपाचा फिल्टर कोरडा असेल तर बरंचसं तिथे अडतं, ओला झाला की आत जातं. पंप तापलेला असताना बाष्प तसंच पुढे सरकतं आणि सिलेंडर थंड झाला की आत पाणी होऊन बसतं. तिथून ते रेग्युलेटरमध्ये (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) आणि शॉटला हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये जातं.

आता उभ्या पसाऱ्याचं गणित. मॅच रायफलचा पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो. १० मीटर जाईपर्यंत तो सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग १६० झाला तर १९ मिमी. म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग गेला तर निशाण जेमतेम २ मिमी उतरतं. तुमचा पहिला शॉट ४ मिमी खाली जातो, तर वेग सेकंदाला १५ मीटरहून जास्त कमी होत असणार. एवढा फरक कानालाही कळतो. पहिल्या शॉटचा आवाज मऊ येतो का, मुद्दाम ऐका. येत असेल तर रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह अडखळतोय. आवाज सारखा असेल तर मात्र माझा संशय साईटवर आणि बॅरलच्या पुढे लावलेल्या वजनांवर जाईल, हाताला घट्ट लागणारा स्क्रूही कधी कधी आतून झिजलेला असतो.

पेलेटचा प्रश्न वेगळा धरा. पांढरी भुकटी म्हणजे शिशाचं ऑक्सिडेशन. ती पेलेट सरावालासुद्धा वापरू नका, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवायला सांगा. नवा डबा घ्या, जमलं तर ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा तिन्ही मापांची थोडी थोडी पेलेट आणून रायफल पिशवीवर टेकवून मारून बघा. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. डबा हवाबंद बरणीत सिलिका जेलसकट ठेवा.

मारताना दाब बघून कार्ड वेगळी ठेवा. २०० ते १५० बारचं एक, १५० ते १०० बारचं दुसरं. दाब उतरल्यावरच ग्रुप खाली सरकला तर गोष्ट निराळी, आणि दाब कितीही असो पहिलाच शॉट पडत असेल तर निराळी. साफसफाईनंतरचे पहिले काही शॉट मोजू नका, बॅरल बसायला तेवढे लागतातच.

आणि हे कळकळीने सांगते. सिलेंडरवरची तारीख बघा. त्याचं आयुष्य दहा वर्षं धरतात, उलटलं असेल तर तो सिलेंडर भरूच नका, कितीही चांगला दिसो. रेग्युलेटर घरी उघडू नका. व्हॉल्व्हमध्ये शिवणयंत्राचं किंवा कुठलंही साधं तेल घालू नका, जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

धागाकर्ता

ताई, आधी सिलेंडर पाहिला. तारखेप्रमाणे अजून मुदत आहे, बरं वाटलं. पंपाचा फिल्टर उघडला तर आतला कापूस चिंब होता.

नव्या डब्यातल्या ४.५० आणि ४.५१ मापांनी मारून पाहिलं, तिसरं माप मिळालं नाही. ४.५०ने आडवा पसारा मेसारखा झाला. उभा मात्र राहिलाच. आवाजाचं तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं निघालं. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभा राहिलो आणि लेक थांबून थांबून मारत होती. पहिला शॉट कुठला ते मला न बघता ओळखता येत होतं. दाब २०० असो की १२०, पहिला मऊच. सलग मारले की बाकीचे एका भोकात. लेकीने हे स्वतः पाहिलं आणि वहीतलं पान उलटलं, त्या दिवशी घरी येताना खूप बोलत होती.

दोन प्रश्न उरलेत. स्पर्धेत मध्येच थांबावं लागलं तर एक रिकामी हवा सोडून मग मारलं तर चालेल का? आणि रायफल दुरुस्तीला कुरिअरने पाठवायची तर सिलेंडर भरलेला ठेवू की रिकामा?

प्रतिसाद: जुनी शूटर

रिकामी हवा सोडणं मॅचमध्ये चालत नाही. आधी ताकीद मिळते, मग गुण कापतात. साईटिंगच्या वेळात (मॅचआधीचे, गुणात न धरले जाणारे शॉट) तिला सलग मारू दे, व्हॉल्व्ह मोकळा होईल. मॅचमध्ये लय न मोडता मारायचा सराव करून घ्या, पण घाईत मारायला सांगू नका. खरा इलाज सर्व्हिसिंगच, तेव्हा स्पर्धेआधी पंधरा दिवस मिळत असतील तर आत्ताच पाठवा. तोवर सरावाला त्या दुसऱ्या मुलाची रायफल मिळते का बघा, बट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गाल टेकायचा भाग) तिच्या मापाला लावून.

सिलेंडर पूर्ण रिकामा करा, रायफलपासून काढा आणि वेगळा गुंडाळा. भरलेला सिलेंडर कुरिअरने अजिबात पाठवायचा नाही. चिठ्ठीत "थांबल्यावर पहिला शॉट ४ मिमी खाली, आवाज मऊ, हँडपंपाची दमट हवा" एवढं लिहा आणि ती वेगवेगळ्या दाबाची कार्डं सोबत जोडा. रेग्युलेटरचे ओ-रिंग बदलल्यावर वेग क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) मोजून कागद पाठवायला सांगा. परत आली की हवा तारकर्लीहूनच भरून आणा, येताना पंपाला नवा फिल्टर घ्या.