सूर न लिहिणारी लिपी अपुरीच का?

ध्वनिवेडा: आफ्रिकेतल्या कॅमेरून देशाच्या बामुम भाषेत सुराच्या चढउताराने अर्थ बदलतो, पण तिच्या लिपीत सूर नीट लिहिले जात नाहीत, म्हणून ती लिपी अपुरी, असा निकाल काल ‘काटेकोर’ यांनी देऊन टाकला. बामुम लोकांचे राजे सुलतान न्जोया यांनी १८९६च्या सुमारास शेकडो चिन्हांनी आरंभ करून १९१०पर्यंत ती, अंक धरून, ८०वर आणली. इतक्या थोड्या अक्षरांत सगळे ध्वनी मावणार नाहीत हे उघड होते. म्हणूनच ‘तु’पुढे ‘उ’ लिहिला की ‘दु’ वाचायचे, टोपीसारखी खूण दिली की बहुधा अक्षराच्या शेवटी कंठ क्षणभर बंद करायचा, आणि काही अक्षरांवर आडवी रेघ दिली की स्वर गळतो, म्हणजे आपले पाय मोडणेच. ज्याचा कान इतका तयार, त्याला सूर ऐकू आले नसतील काय?

काटेकोर: ऐकू आले असतील, लिहिले नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे. कॅमेरूनमधील भाषांसाठी १९७९मध्ये ठरलेल्या रोमन वर्णमालेत सुरांच्या खुणा आहेत. मी व्हिएतनामी शिकलो ती खुणांच्याच आधाराने.

मास्तरीणबाई: ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोन्हींतला ‘ज’ आपण वेगळा उच्चारतो आणि सारखाच लिहितो. माझी अमराठी सून अजून अडखळते, मराठी मूल अडखळत नाही. मग देवनागरीही अपुरी ठरवा.

काटेकोर: एका अक्षराची अडचण आणि भाषाभर पसरलेले सूर यांची तुलना होत नाही. सूनबाईंना शुभेच्छा.

इतिहासप्रेमी: अहो, लिपीला सुधारायला उसंत तरी मिळाली का? फ्रेंच प्रशासनाने न्जोयांच्या शाळा बंद पाडल्या, १९३१मध्ये त्यांना याउंदे शहरी हद्दपार केले आणि १९३३मध्ये ते तिथेच वारले. ज्यांनी लिपीचा गळा आवळला त्यांना सोडून आपण लिपीलाच जाब विचारत आहात, हे संतापजनक आहे.

काटेकोर: संताप रास्त आहे, पण जागा चुकली. फ्रेंच येण्यापूर्वी, जर्मन अमदानीतच, ही लिपी सहा रूपांतून गेली होती. तितक्या फेऱ्यांत सुरांना जागा मिळाली नाही, ती राजाच्या निवडीने, वसाहतवाद्यांच्या नव्हे.

ध्वनिवेडा: निवड होती हे आपणच कबूल केलेत, आभार. बाहेरून शिकणाऱ्याला खुणा लागतात, हे मीही नाइलाजाने मानतो. पण न्जोया आपल्या राजधानीच्या, फुम्बानच्या लोकांसाठी लिहीत होते, आपल्यासाठी नव्हे.