रोजच्या जाण्यायेण्याला कार कशाला? बेळगावात सायकलच बरी!

टिळकवाडीकर :
वडगावातून उद्यमबागेच्या कारखान्यांत, अनगोळातून कॅम्पात, गोवावेसहून खडेबाजारात. बेळगावातल्या कामाच्या कितीतरी फेऱ्या पाच-सहा किलोमीटरच्या आत बसतात. तेवढ्यासाठी कार घ्यावी हे मला पटत नाही.

हिशेब मांडा की. जाऊन-येऊन १२ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३,६०० किलोमीटर. इतक्या जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं गरमही होत नाही, त्यामुळे ॲव्हरेज पडतं. लिटरला १४ धरलं तर २५७ लिटर पेट्रोल. शंभराच्या भावाने पंचवीस हजारांच्या वर गेले. त्याआधी कर्नाटकातला आजीवन कर भरलेला असतो, आणि तो देशातल्या जास्त करांपैकी एक आहे. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग वेगळंच. सायकलीला वर्षाकाठी एक चेन, ब्रेकचे रबर, कधीतरी टायरची जोडी.

पण पैसा बाजूला ठेवला तरी सकाळी सातला काँग्रेस रोडवरून, १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेल्या विहिरीजवळून सायकल काढावी. हवेतला गारवा, झाडांखालची सावली, ओळखीच्या माणसाला थांबून दोन शब्द. काच लावून बसलेल्याला यातलं काही मिळत नाही. आणि गणपत गल्लीत कार लावायची कुठे, हे कुणी सांगेल काय?

मच्छेवाला :
दादा, ऑक्टोबर ते मे तुमचं सगळं खरं. जून ते सप्टेंबरचं काय? मच्छे, पिरनवाडी शहराच्या नैऋत्येला. पावसाळी वारा पश्चिमेकडून. तिकडे कामावर जाताना वारा छातीवर आला की ताशी १५ च्या वेगाने चालणाऱ्याला समोरचा १५ चा वारा ३० सारखा लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे थेट चौपट. भिजून, दमून मशीनवर उभं राहायचं? त्यात ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक धरतच नाही. खानापूर रोडला मागून ट्रक येत असताना हा धोका कुणी पत्करावा? चार लोकांचं घर असेल तर कार ही गरज आहे, चैन नव्हे.

उद्यमबाग फिटर :
वाऱ्याचं गणित बरोबर आहे, उपाय मात्र कारपर्यंत जायला नको. साध्या सायकलीला पुढे ४४ दात्यांचं चक्र आणि मागे १८ चं फ्रीव्हील असतं. पायडलच्या एका फेऱ्यात चाक २.४४ वेळा फिरतं. मागे २० चं घातलं तर २.२, २२ चं घातलं तर बरोबर २. पहिल्याने जोर सुमारे १० टक्क्यांनी, दुसऱ्याने १८ टक्क्यांनी हलका होतो. वेग थोडा जातो, गुडघे वाचतात. २२ चं घालताना चेन आखूड पडली तर कड्या वाढवाव्या लागतात. मागचं चाक सरकवायला खाचेत जागा किती आहे ते आधी पाहा.

ब्रेकबद्दल मच्छेवाले खरं बोलतात. रिमवर पाण्याचा थर असतो, तो पुसला जाईपर्यंत रबर घसरतच राहतं. म्हणून पावसात थांबायच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका टेकवून ठेवावा, मग दाबावा. ॲल्युमिनियमची रिम स्टीलपेक्षा कितीतरी चांगली धरते. नवी घेत असाल तर डिस्क ब्रेकवाली घ्या, पण जुन्या सायकलीला डिस्क बसवायला जाऊ नका. कॅलिपरला, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या भागाला जागा आणि तो जोर सोसण्याची ताकद त्या फोर्कमध्ये नसते.

आमच्या भागात पंक्चरचं मोठं कारण म्हणजे रस्त्यावर सांडलेला लेथवरचा लोखंडी कीस. बारीक तार टायरात रुतते आणि ट्यूब जोडून घेतली तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी भोक पडतं. ट्यूब बाहेर काढल्यावर टायर आतून फडक्याने पूर्ण फिरवून पुसा. फडकं जिथे अडकेल तिथे तार. बोट फिरवू नका, कापतं. भोकं शेजारी-शेजारी दोन असतील तर मात्र दोष काट्याचा किंवा किसाचा नाही. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिरडली. दर आठवड्याला हवा बघितली की हे होत नाही. किती भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला हवा हळूहळू उतरत असेल तर आधी वॉलट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी बदला. उगीच पंक्चर शोधत बसू नका.

अनगोळची वहिनी :
कार नको, मान्य. पण बायकांपुढे पर्याय सायकलचाच आहे असं का धरता, भाऊजी? ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या बसला आम्हाला तिकीट नाही. कोरडं जायचं, फुकट जायचं. सायकलवर साडी किंवा ओढणी सांभाळायची तर अर्धं नव्हे, पूर्ण चेनकव्हर लागतं, मागच्या चाकाला जाळी लागते. गिअरच्या सायकलींना दुकानात यातलं काहीच बसवून देत नाहीत. आणि संध्याकाळी गल्लीतले दिवे गेले की एकटीने सायकल हाणणं सोपं नाही. हे पुरुषांच्या हिशेबात येतच नाही.

टिळकवाडीकर :
वहिनी, बसचं म्हणणं पूर्ण मान्य. माझं भांडण कारशी आहे, बसशी नाही. थांबा घरापासून लांब असेल तर तिथवर सायकल आणि पुढे बस, हेही चालतं. चेनकव्हर आणि जाळीसाठी लेडीज सायकल बिनगिअरची घ्यावी आणि फिटरनी सांगितलं तसं २० चं फ्रीव्हील घालून घ्यावं.

निपाणी भाग :
तुम्ही सगळे शहरातले बोलताय. इकडे उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगाला बाहेर आलेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. अंधारात पहिली ट्रॉली गेली म्हणून सायकलवाला आत वळतो आणि दुसरी अंगावर येते. गावं दहा-पंधरा किलोमीटरवर. काळ्या मातीत पाऊस पडला की टायर आणि मडगार्डच्या मधे चिखल गच्च बसतो, चाक फिरतच नाही. सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या पोरांना सायकली दिल्या त्याचा इथे फार उपयोग झाला, पण तो दिवसाउजेडी शाळेला जाण्यापुरता. रात्रपाळीवाल्याला सायकल घे म्हणून सांगणं मला बरोबर वाटत नाही.

टिळकवाडीकर :
हंगामात रात्री त्या रस्त्याने सायकल नकोच. त्याला मोटरसायकल किंवा बस. दिवसा काळ्या रानातून जायचं असेल तर मडगार्ड आणि टायरमधे दोन बोटं अंतर ठेवा. शहरातही डायनामोवर विसंबू नका, रेल्वे गेटला थांबलात की दिवा विझतो. मागे सेलचा लाल दिवा आणि मडगार्डवर चमकपट्टी, दोन्ही हवं.

मच्छेवाला :
ठीक. पावसाचे चार महिने बस, बाकीचे आठ सायकल, इथपर्यंत मी येतो. घरी म्हातारं माणूस असेल तर कार हवी, हे मात्र सोडणार नाही. फिटरदादा, एक सांगा. फ्रीव्हील बदलताना चेन जुनीच चालेल काय?

उद्यमबाग फिटर :
आधी मोजा. चेन ताणून एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरा. नवी चेन असेल तर बारा इंचांवर बरोबर पिन येते. पिन एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन टाकून द्या. नव्या फ्रीव्हीलचे दाते ती लवकर खाईल. एक सोळांश इंचाच्या आत असेल तर चालवा. जुनं फ्रीव्हील सोडवायला खाचेचा पुलर लागतो. हातोडी-छिन्नीने ठोकू देऊ नका, हबचे आटे जातात. आणि चेनला इंजिनातलं जळकं ऑइल नको, त्यात धातूचा चुरा असतो. आधी फडक्याने पुसा, मग एकेका कडीवर थेंबभर तेल, दहा मिनिटांनी वरचं परत पुसून काढा. पावसात हे दर आठवड्याला.