पित्ताशय दुर्बिणीने काढलं, मग खांदा का दुखतोय?

परवा सकाळी ऑपरेशन झालं. पोटावर चार छोटी छिद्रं आहेत, काल घरी सोडलं. पोट दुखणार हे धरूनच चालले होते. पण रात्री उठून बसले आणि उजव्या खांद्याच्या टोकाला अशी कळ आली की श्वास पुरता घेता येईना. आडवी झाले की पाच-दहा मिनिटांत कमी होते. हात सगळीकडे नीट फिरतो. भुलीत हात अवघडला असेल का? आणि चारांतली बेंबीचीच जखम एवढी का ठणकते?

उत्तर १
मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. तुमच्या खांद्याला बहुतेक काहीच झालेलं नाही. आतलं नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १२ ते १५ मिमी पारा. शेवटी तो सोडून देतात, तरी थोडा आत राहतोच. तुम्ही बसलात की तो वर चढतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याखाली साठतो. तो पडदा आधीच ताणलेला, त्यात ओल्या अस्तरावर या गॅसचं सौम्य आम्ल होतं, ते चुरचुरतं. पडद्याची नस निघते मानेतून, खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच. म्हणून कळ पडद्याची असली तरी जाणवते खांद्यात.

बेंबीचं छिद्र बहुधा मोठं असतं आणि पित्ताशय पुष्कळदा तिथूनच ओढून काढतात.

उत्तर २
माझं अपेंडिक्स असंच काढलं होतं. खांदा तिसऱ्या दिवशी थांबला. मी दुखणं असह्य झाल्यावर गोळी घ्यायचे, ती माझी चूक. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच घ्या, आणि घरातल्या घरात थोडं थोडं चाला. घसा खवखवत असेल तर तो भुलीच्या नळीने.

उत्तर १, पुन्हा
एक राहिलं, आणि तेच महत्त्वाचं. दुखणं दिवसागणिक उतरलं पाहिजे. उलट वाढत गेलं, ताप आला, उलट्या थांबेनात, पोट फुगून कडक झालं किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच सर्जनना फोन करा. छातीत दुखून धाप लागली किंवा एक पोटरी सुजून दुखू लागली, तर थेट इमर्जन्सीत जा. ‘गॅसच असेल’ म्हणून घरी थांबू नका.

प्रश्न विचारणारी
वाचता वाचताच उठून आरशात डोळे पाहून आले, पांढरे आहेत. ताप नाही. धापही नाही. पण उजवी पोटरी कालपासून जरा जड वाटतेय, ते मी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. आत्ताच फोन लावते.