शब्दचर्चा : ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मानकात (तिचे नियम ठरवणाऱ्या दस्तऐवजात) ‘अनडिफाइन्ड’, ‘अनस्पेसिफाइड’ आणि ‘इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड’ अशा तीन संज्ञा येतात. तिन्हींसाठी ‘अनिश्चित’ चालेल का?

पहिलं उत्तर : नाही. ‘अनिश्चित’ म्हटलं की वाटतं, दोन-चार शक्यतांपैकी एक घडेल. हे फार तर ‘अनस्पेसिफाइड’ला लागू पडतं. फंक्शनला दिलेल्या दोन आर्ग्युमेंटपैकी (मूल्यांपैकी) आधी कोणाची किंमत काढायची हे मानक सांगत नाही, दोन्ही क्रम वैध असतात. त्याला ‘अनिर्दिष्ट’ म्हणावं.

‘इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड’मध्ये निवड कंपायलरची (कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमची), पण ती त्याने लेखी सांगायलाच हवी. साधा ‘कॅर’ (एका अक्षराएवढा प्रकार) एक्स८६ प्रोसेसरच्या लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर चिन्हासह, म्हणजे ऋण संख्याही चालतील असा, धरतो, आर्म प्रोसेसरच्या लिनक्सवर बिनचिन्हाचा. त्यात -१ ठेवून ‘शून्याहून लहान आहे का’ विचारलं, तर पहिल्या ठिकाणी होकार, दुसऱ्या ठिकाणी नकार. यासाठी ‘कंपायलरनिर्धारित’ चपखल आहे.

दुसरं उत्तर : ‘अनडिफाइन्ड’साठी ‘अपरिभाषित’ सुचवतात, पण ते हिंदीतून आलंय. मराठीत परिभाषा म्हणजे संज्ञांचा संच, डेफिनिशन म्हणजे व्याख्या. म्हणून ‘अव्याख्यात वर्तन’.

प्रश्नकर्ता : पण ‘अव्याख्यात’ म्हणजे व्याख्या करायची राहून गेली, असं नाही का वाटत?

दुसरं उत्तर, पुढे : शंका रास्त आहे, म्हणून पहिल्या वापराला एक वाक्य जोडा : ‘इथे मानक कंपायलरवर कोणतीही अट घालत नाही.’ सगळी मेख त्यातच आहे. ३२ बिटी ‘इंट’मध्ये (पूर्णांकाच्या प्रकारात) २१४७४८३६४७ ही सर्वांत मोठी संख्या असताना १ मिळवला की प्रोसेसरच्या साध्या बेरजेत -२१४७४८३६४८ येतो. म्हणून ओव्हरफ्लो, म्हणजे संख्या मर्यादेबाहेर जाणं, पकडायला ‘एक्स + १ < एक्स’ लिहितात. पण ओव्हरफ्लो अव्याख्यात, तेव्हा तो घडतच नाही असं धरायची कंपायलरला मुभा आहे. ‘-ओ२’ या कोड वेगवान करणाऱ्या पर्यायाला जीसीसी ही अट कायमची खोटी ठरवून तपासणीच उडवतो. बेरजेआधी ‘एक्स == इंट_मॅक्स’ (एक्स ही ‘इंट’मधली सर्वांत मोठी संख्या आहे का) पाहावं, हे बरोबर.

जीसीसीला ‘-एफरॅपव्ही’ हा पर्याय दिला की आकडा गुंडाळला जाईल (सर्वांत मोठ्यावरून सर्वांत लहानावर येईल) याची हमी मिळते, पण ती कंपायलरची. मानकाच्या लेखी तो कोड अव्याख्यातच. सी२३ या मानकाच्या आवृत्तीने ऋण संख्यांसाठी टूज कॉम्प्लिमेंट ही बिटांची मांडणी सक्तीची केली, तरी हा नियम बदललेला नाही. ‘-एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड’ हा पर्याय असे प्रकार चालू प्रोग्रॅममध्ये दाखवतो, मात्र जो मार्ग चालला तेवढाच तपासला जातो.